साडेएकोणसाठ इंच

मास्तरांच्या दुकानातून शिवून गेलेला कपडा तेवीस वर्षांत एकदाही मापावरून परत आला नव्हता. बटण तुटलं म्हणून आला असेल, लग्नानंतर गिऱ्हाइकाचं पोट सुटलं म्हणून आला असेल. पण "मास्तर, माप चुकलं," असं म्हणायची वेळ कुणावर आली नाही. हे आम्ही नाही, स्वतः मास्तर सांगायचे, आणि दिवसातून एकदा तरी सांगायचे. ऐकणारा नवा असला तर दोनदा.

या कीर्तीतला अर्धा वाटा ते मोठ्या मनाने आपल्या टेपला देत. पिवळा कापडी टेप, एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर, दोन्ही टोकांना पितळेची पट्टी. दुकान उघडलं त्या दिवशी घेतलेला, आणि तेव्हापासून तो मास्तरांच्या गळ्यात. जेवताना गळ्यात, पेपर वाचताना गळ्यात. दुपारी डुलकी लागली तरी एक हात त्याच्या टोकाला. "आंघोळीला तरी काढता ना हो?" असं मास्तरीणबाई विचारत आणि मास्तर उत्तर द्यायचं टाळत.

शेजारच्या गाळ्यात मिस्त्री होते. दारं-खिडक्या, कपाटं, बाकडी हे त्यांचं काम, आणि पोलादी टेप हा त्यांचा अभिमान. मिस्त्री मिलीमीटरशिवाय बोलत नसत. "मिलीमीटरमध्ये अपूर्णांक नाही, भानगड नाही," ते म्हणत. "तुझ्या इंचाला पाव काय, पाऊण काय, सोळावा हिस्सा काय! मोजतोस की वाटणी करतोस?"

"अरे, माणूस मोजायचा असतो मला, फळी नाही," मास्तर म्हणत. "माणसाला पाव-पाऊण असतंच."

हे भांडण रोज चहाबरोबर व्हायचं. चहा थंड झाला की मिटायचं.

आता मुलीबद्दल. मास्तरांची एकुलती एक मुलगी चोवीस वर्षांची होती. तिला घरात, गल्लीत, सगळीकडे गुंडी म्हणत. जन्मली तेव्हा बटणासारखी एवढीशी होती, म्हणून मास्तरांनी पाहताक्षणी हे नाव ठेवलं, आणि गुंडीनंही फारशी वाढ न करता ते राखलं. पण अंगानं लहान असली तरी तिला हाताळायला सगळं अवजडच हवं असे. गोदामात माल उचलायची गाडी ती दोन वर्षं चालवत होती, आणि आता तिला गोदीतली क्रेन चालवायची होती. नुसती इच्छा होती असं नाही. रात्री झोपेतही तिचे हात दांडे ओढत असत, असं तिची आई सांगे.

गोदीनं परीक्षा घेतली. पाण्यानं काठोकाठ भरलेलं पिंप क्रेननं उचलायचं, चाळीस पावलांवरच्या पांढऱ्या चौकोनात ठेवायचं आणि पाणी सांडू द्यायचं नाही. पस्तीस जण बसले. चौतीस पिंपांतून पाणी सांडलं. गुंडीच्या पिंपातून एक थेंब हलला, पण तोही आतच राहिला. आठ दिवसांनी पत्र आलं आणि घरात आनंदीआनंद झाला. तो पहिलं पान संपेपर्यंत टिकला.

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं : किमान उंची १५२० मिमी. त्याहून बुटक्या माणसाचे पाय पॅडलला पोचले तर डोळे काचेच्या खाली जातात, असं कारणही दिलं होतं.

"पंधराशे वीस!" मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, एवढी उंच माणसं राहतात तरी कुठं?"

"मिलीमीटर आहेत ते, वहिनी," मिस्त्री म्हणाले. पेढे नसले तरी बातमी खायला ते आले होतेच. "एक शून्य काढून टाका. एकशे बावन्न. झाले सेंटीमीटर."

"आणखी एक शून्य काढता येत असेल तर बघा ना," मास्तरीणबाई म्हणाल्या.

गुंडी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. अनवाणी, टाचा टेकवून, हनुवटी सरळ. मास्तरांनी डोक्यावर पुठ्ठा धरून खूण केली, टेप लावला, वाकून वाचलं. मग पुन्हा लावला, पुन्हा वाचलं.

"साडेएकोणसाठ इंच," ते म्हणाले.

खोलीत सगळे मनात हिशोब करू लागले. सगळ्यांत आधी मिस्त्रींचा झाला. "साठ इंचांचे पंधराशे चोवीस. त्यातून अर्ध्या इंचाचे बारा पूर्णांक सात गेले. पंधराशे अकरा आणि वर काहीतरी चिल्लर." त्यांचा आवाज खाली आला. "नऊ मिलीमीटर कमी पडतात गं, गुंडे."

नऊ मिलीमीटर म्हणजे किती, तर शर्टाच्या बटणाहून कमी. मास्तरांनी डब्यातून एक बटण काढून अंगठ्यावर ठेवलं आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

पत्रात पुढे आणखी एक मेख होती. उंची गुरुवारी दुपारी तीन वाजता मोजली जाईल. कमी भरली तर पाच वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही. ज्यांना आधीच ठाऊक आहे की आपण कमी आहोत, त्यांनी बुधवारी पाचपर्यंत लेखी नाव मागे घ्यावं; त्यांना पुढच्या वर्षी गोदीतल्या दुसऱ्या कामासाठी बोलावू.

पत्र आलं त्या दिवशी शुक्रवार होता. पुढचे दिवस त्या घरात जे काही झालं ते शहाण्या माणसांना शोभणारं नव्हतं. गुंडी दाराच्या चौकटीला लोंबकळली. चौकट हलली, गुंडी तेवढीच राहिली. मास्तरीणबाईंनी दोन्ही पाय धरून खेचले आणि गुडघा दुखावून घेतला, तोही स्वतःचा. माणूस सकाळी उठल्या उठल्या थोडा उंच असतो असं मिस्त्रींनी कुठंतरी वाचलं होतं. मोजून पाहिलं तर खरंच निघालं, तीन मिलीमीटर जास्त भरले. पण ते दुपारच्या जेवणापर्यंत कुठं जात कुणास ठाऊक, आणि गोदीवाल्यांची वेळ होती तीनची.

"माझ्यावर गेलीय पोरगी," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. "तुमच्यावर गेली असती तर बरं झालं असतं."

"आई, तुझ्यावर गेले म्हणून हात स्थिर आहेत माझे," गुंडी म्हणाली. मग बापाकडे वळली. "बाबा, तुमचं माप काय सांगतं? खरं सांगा. एखादा मिलीमीटर इकडेतिकडे?"

मास्तरांना खोटं बोलावंसं वाटलं. देवाशपथ वाटलं. पण मापाबद्दल खोटं बोलायला त्यांची जीभ कधी वळलीच नव्हती. "इकडेतिकडे होत नाही माझ्याकडे," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य बोलताना त्यांना स्वतःचा राग आला.

"मग झालं," गुंडी म्हणाली. "तुम्ही मोजलंय म्हणजे मोजलंय."

तिनं आणखी कुणाकडून मोजून घेतलं नाही. मिस्त्री आपला पोलादी टेप घेऊन आलेही होते, पण तिनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. "काका, बाबांच्या मागून मोजायचं? गल्ली काय म्हणेल!" बाप तसा बेटा म्हणतात. इथं बेटी बापाच्या चार पावलं पुढे होती.

मंगळवारी मिस्त्रींनी एक काम आणलं. दातांच्या दवाखान्यासाठी त्यांनी बाक केला होता, त्यावरच्या गादीला खोळ हवी होती. चिठ्ठीवर मापं होती : लांबी १२००, रुंदी ४००, जाडी ५०. एरवी मास्तरांनी ती चिठ्ठी चिमटीत धरून परत दिली असती. दुसऱ्याचं माप आणि दुसऱ्याचा टूथब्रश ते वापरत नसत. पण त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्यांनी मान डोलावली, शून्यं काढली, एकशेवीस सेंटीमीटर धरून कापड कापलं आणि बुधवारी सकाळी खोळ शिवून दिली.

दुपारी तीनला मिस्त्री खोळ घेऊन परत आले. त्यांच्या चेहऱ्यावर तेवीस वर्षांचा आनंद होता.

"मास्तर," ते म्हणाले, "माप चुकलं."

"बाक आखूड झाला असेल तुझा."

"बाक बाराशे आहे. खोळ बाराशे बारा आहे. गादीच्या टोकाला पिशवी लोंबतेय, दाताच्या डॉक्टरांना वाटलं हात पुसायला दिलीय."

मास्तरांचा तिळपापड झाला. त्यांनी खोळ कापायच्या टेबलावर पसरली, गळ्यातला टेप काढून तिच्यावर ठेवला. एकशेवीस. केसाचाही फरक नाही. मिस्त्रींनी आपला टेप खर्रकन ओढला. बाराशे बारा. दोघांनी एकमेकांच्या टेपकडे असं पाहिलं, जणू दुसऱ्यानं जुगारात पत्ता लपवलाय.

मग मिस्त्रींनी पोलादी टेप टेबलावर सरळ ठेवला आणि मास्तरांचा टेप त्याच्या बाजूला लावला. सुरुवातीची टोकं जुळवली. एक इंचावर दोघांचं जमत होतं. दहावर किंचित कुरबूर होती. तीसवर उघड भांडण. आणि साठाव्या इंचाला कापडी टेप पोलादी टेपच्या सोळा मिलीमीटर पुढे निघून गेला होता.

"ताणलाय तो," मिस्त्री म्हणाले. आता त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, घाबरल्यासारखं काहीतरी होतं. "तेवीस वर्षं ओढतोयस. कापडच आहे रे शेवटी."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. इतकी वर्षं कसं कळलं नाही? कळणार कसं! छाती मोजली ती याच टेपनं आणि कापड कापलं तेही याच टेपनं. इंच मोठा तर दोन्हीकडे मोठा. कोट अंगात बसायचा तसा बसतच होता. मध्ये दुसऱ्या कुणाचा टेप कधी आलाच नाही, कारण मास्तरांनी तो कधी येऊच दिला नाही. मिस्त्रींची चिठ्ठी हे पहिलं परकं माप.

अब्रू गेली, हे आधी त्यांच्या मनात आलं. आपण त्यांना दोष देणार नाही. तेवीस वर्षांची कमाई एका खोळीपायी जाताना पाहणं सोपं नसतं. मिस्त्रींचं तोंड म्हणजे गावचा पाणवठा. संध्याकाळपर्यंत सगळीकडे होणार. ते हाच विचार करत टेपवरून अंगठा फिरवत होते, आणि अंगठा साडेएकोणसाठवर येऊन थांबला.

टेप मोठा असेल तर त्यानं मोजलेलं माणूस लहान भरतं.

"गुंडी कुठाय?" मास्तर ओरडले.

"कागद द्यायला गेली की हो, गोदीच्या ऑफिसात," दुकानामागच्या घरातून मास्तरीणबाई म्हणाल्या. "नाव मागे घेतेय ना आज. अर्धा तास झाला."

मास्तर उठले, टेप गळ्यात अडकवला आणि पळाले. पायात एक चप्पल होती, दुसरी वाटेत निसटली. साठीला आलेला माणूस, गळ्यात टेप, हातात दवाखान्याची खोळ (ती का घेतली हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही), रस्त्यात मधोमध. दोन सायकलवाल्यांनी शिव्या दिल्या. एकीकडे श्वास पुरत नव्हता आणि दुसरीकडे डोक्यात सोळा, अकरा, पंधराशे वीस असे आकडे एकमेकांना ढकलत होते.

ऑफिसात रांग होती. गुंडी खिडकीशी पोचली होती आणि तिचा कागद खिडकीच्या आत निम्मा गेला होता.

"थांब!" मास्तरांनी कागदाचं अलीकडचं टोक पकडलं. पलीकडचं खिडकीतल्या बाईंच्या हातात होतं. "गुंडे, तू कमी नाहीस. टेप चुकलाय."

गुंडीनं बापाकडे पाहिलं. एक पाय अनवाणी, चेहरा घामानं निथळतोय. तिचा चेहरा मऊ झाला. "बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्यासाठी टेपला बोल लावू नका. मला वाईट वाटलंय, नाही असं नाही. पण पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी मिळेल."

"अगं, खरंच चुकलाय!"

"तुमचा टेप चुकत नाही. घरी चला."

आता काय म्हणावं! तेवीस वर्षं एकच गोष्ट त्यांनी लोकांच्या गळी उतरवली होती, आणि ती सगळ्यांत पक्की बसली होती ती स्वतःच्या मुलीच्या. मास्तरांनी रांगेकडे पाहिलं. तिसऱ्या नंबरला त्यांचंच गिऱ्हाईक उभं होतं, त्यांनीच शिवलेल्या राखाडी कोटात.

"माझा टेप खोटा आहे," ते मोठ्यानं म्हणाले. सगळ्या ऑफिसला ऐकू गेलं. "तेवीस वर्षं मी खोट्या टेपनं मापं घेतली. तो ताणलाय आणि मला कळलं नाही. बाई, पट्टी आहे का तुमच्याकडे? लोखंडी?"

राखाडी कोटवाल्यानं घाबरून आपल्या बाह्या तपासल्या.

खिडकीतल्या बाईंना बहुतेक दिवसभरात पहिल्यांदाच काहीतरी मजेचं दिसत होतं. त्यांनी रकाने आखायची पट्टी पुढे केली. तीनशे मिलीमीटरची, चकचकीत. मास्तरांनी खिडकीच्या कट्ट्यावर टेप पसरला, पट्टी बाजूला ठेवली, टोकाला टोक लावलं. टोक सारखं निसटत होतं, म्हणून गुंडीनं ते आपल्या बोटानं दाबून धरलं. तिचं बोट जराही हललं नाही.

पट्टी संपली. टेपवरचा तीस सेंटीमीटरचा आकडा अजून पुढे होता. फार नाही, बारीक तीन घरं पुढे.

गुंडी वाकली. डोळा अगदी पट्टीच्या वर आणून तिनं घरं मोजली. "तीनशेला तीन," ती पुटपुटली. "म्हणजे पंधराशेला..." ती थांबली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "पंधरा. पंधराशे अकरा अधिक पंधरा. बाबा, मी पंधराशे सव्वीस आहे?"

"आसपास," मास्तर म्हणाले. हा शब्द त्यांनी मापाबद्दल पहिल्यांदाच वापरला.

"कागद घ्यायचा की नाही घ्यायचा?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

गुंडीनं कागद ओढून घेतला. बाईंनी आपलं टोक सोडायला जरा उशीर केला, त्यामुळे तो मधोमध फाटला, पण कुणाचंच काही बिघडलं नाही.

"मास्तर," मागून राखाडी कोट म्हणाला, "मग माझ्या कोटाचं काय?"

"घट्ट होतो?"

"नाही."

"सैल होतो?"

"छे, अगदी अंगाबरोबर बसतो."

"मग देवाचे आभार माना आणि रांगेत पुढे व्हा," मास्तर म्हणाले. मिस्त्रींनी रात्री स्वतःहून येऊन सांगितलं की खोळीबद्दल ते कुणाजवळ बोलले नाहीत. मास्तर म्हणाले की त्याची आता गरज नाही, आपणच सगळ्या ऑफिसात बोलून आलोय. मिस्त्रींना याचं थोडं वाईटच वाटलं.

गुरुवारी तीन वाजता गोदीतल्या एका खोलीत गुंडी लाकडी पट्टीखाली उभी राहिली. मास्तर दारात होते. गळा मोकळा होता आणि हात कुठे ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं. टेप त्यांनी घडी करून खिशात ठेवला होता, आजारी माणसाला घरी एकटं सोडवत नाही तसा. साहेबांनी वरची फळी सरकवून गुंडीच्या डोक्याला टेकवली. चष्मा लावला. काढला. पुसला. पुन्हा लावला. माणसाला पुसायला चष्मा याच वेळी का सापडतो, देव जाणे.

"पंधराशे सत्तावीस," साहेब म्हणाले.

गुंडी फळीखालून निघालीच नाही. तिथंच उभी राहून तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि भिंतीवर टांगलेला अग्निशमनाचा नियम मोठ्या लक्षानं वाचू लागले. त्यातली एकही ओळ त्यांना दिसत नव्हती.

साहेबांना दोघांच्या या अवस्थेशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं. "गणवेश," ते म्हणाले. "आमच्याकडचा लहानात लहान तुमच्या अंगात दोनदा जाईल. बाहेरून शिवून घ्यावा लागेल. कापड आम्ही देतो. मापं सांगा, मी लिहून घेतो आणि आमच्या शिंप्याकडे पाठवतो. छाती किती?"

मास्तरांचा हात सवयीनं खिशाकडे गेला, टेपला लागला आणि चटका बसल्यासारखा मागे आला. ते खाली पाहत म्हणाले, "साहेब, चांगल्या टेपनं घ्या कुणाकडून तरी. माझा नको."

"मापं लिहू नका," गुंडी म्हणाली.

साहेबांनी मान वर केली.

"कापड आमच्याकडे द्या. बाबा मोजतील, बाबाच कापतील. त्यांच्याच टेपनं." ती बापाकडे बघत होती, साहेबांकडे नाही. "तेवीस वर्षं त्याच टेपचे कपडे घालतेय मी, साहेब. एकही कधी आखूड झाला नाही."